मुशीचं तेल आणि मास्तरांचा बेस

शालूच्या हळदीच्या दिवशी दुपारी घरातून अशी काही बोंब उठली, की मांडवाला पताका बांधणारी माणसं शिडीवरून खाली उतरली. चंद्रकांता मागच्या पडवीत कोलंबी सोलत बसली होती. घरात कार्य, पाव्हण्यांची वर्दळ, तिला वाटलं कुणाला काही झालं की काय. हात तसेच ओले, लुगडं सावरत ती आत धावली.

आतल्या खोलीत तिचा धाकटा दीर शांताराम मधोमध उभा. दोन्ही हातांवर त्याचा तो बेस, जाड तारांची विजेची गिटार, आडवा धरलेला. डोकं, दांडा, अंग, तारा, सगळं तेलानं नुसतं चकचकतंय आणि थेंब थेंब सारवलेल्या जमिनीवर पडतंय. वास तर असा की विचारू नका. दातिवऱ्यात जन्म काढलेल्या बाईला ते तेल कसलं हे कुणी सांगावं लागत नाही.

"मुशीचा तेल!" चंद्रकांतेच्या तोंडून निघालं. "ह्याला कोणी फासला?"

"कोण फासणार?" शांतारामचा आवाज फाटला होता. "ह्या घरात आज कोणाच्या हातात तेलाचा डबा हाय? वैनी, बाबांनी डाव साधला माझ्यावर. मी जरा डोळा लावला आन् त्यांनी डाव साधला!"

डब्याचं म्हणणं खरं होतं. पाऊस तोंडावर आला की बोटी वाळूवर ओढायच्या, टेकू द्यायचे, आणि मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल कढवून फळीन् फळी माखायची. नाहीतर उन्हापावसात लाकूड तडकतं आणि नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात घातली की चाळणीसारखी गळते. पोरीचं, शालूचं, लग्न आहे म्हणून चंद्रकांतेचा सासरा वामन तांडेल काही हे काम टाकणार नव्हता. तीन दिवस झाले, सासरा सकाळ-संध्याकाळ 'शितळाप्रसाद'च्या पोटाखाली उकिडवा बसलेला, एका हातात फडकं आणि दुसऱ्या हातात डबा. लोकं हसत होती, की तांडेल पोरीला हळद लावायच्या आधी बोटीला लावतोय.

पण शांतारामला हसू येण्यासारखं काही राहिलं नव्हतं. शिमग्यात होळीसमोर बापलेकाचं जे वाजलं होतं ते अख्ख्या पाड्यानं ऐकलं होतं. पाच वर्षांपूर्वी बोट सोडून शांताराम बोईसरला कारखान्यात लागला तो लागलाच. इकडे थोरल्याची, चंद्रकांतेच्या नवऱ्याची, महादूची कंबर कामातून गेली आणि बोटीवर जाळं ओढायला घरचा माणूस राहिला नाही. "तुझा तो टुंगटुंग वाजवणं आता पुरे," असं वामन तांडेल म्हणाला आणि शांताराम भडकला. भरल्या गर्दीत बोलून गेला, "हा बेस माझा नाय, पास्कल मास्तरांचा हाय. ते परत घेऊन गेले, तर नारळीपुनवेला मी गपगुमान बोटीवर चढतो. पन तो माझ्याकडं राहिला, तर पुन्यांदा मला बोटीचं बोलायचं नाय!" वामन तांडेलनं होळीत नारळ टाकला आणि म्हणाला, "बोल दिलास. ध्यानात ठेव."

आणि ज्यांनी शांतारामला वाजवायला शिकवून हा बेस सरावाला दिला होता, ते मास्तर आज येणार होते. तसा निरोपच होता त्यांचा. वय झालं, आता बेस कुणाच्या तरी हाती कायमचा द्यायचा. वांद्र्याला त्यांचा एक शागीर्द आहे, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवतो. नाहीतर बोईसरचा शांताराम. हळदीला येतो, ऐकतो आणि तिथंच काय ते सांगतो. सोबत रिकामी पेटीही आणणार होते, न्यायची वेळ आली तर.

म्हणजे आज संध्याकाळी शांतारामचं सगळं ठरणार होतं, आणि त्याच्या हातात तेलात बुडवून काढलेलं लाकूड होतं.

घरात या बेसचं कौतुक असलेली चंद्रकांता एकटी. आठवड्यातून तीन दिवस ती बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची, आणि दुपारी उन्हाची घटकाभर दिराच्या भाड्याच्या खोलीत टेकायची. रात्रपाळी करून आलेला तो पोरगा झोपायचं सोडून बेस घेऊन बसलेला असायचा. आवाज मोठा करायचं मशीन लावलं तर शेजारी ओरडतात, म्हणून तो बेसचं डोकं लाकडी कपाटाला टेकवून वाजवायचा, की कपाटच घुमायला लागायचं. पहिल्यांदा ती म्हणाली, "भावजी, ह्यात गाना कुठं हाय?" तो म्हणाला, "वैनी, गाना वरती असतो. तुमी खालचा ऐका. कपाटावर हात ठेवा." तिनं मासळीचा वास असलेला हात कपाटावर ठेवला आणि तिच्या कोपरापर्यंत काहीतरी सरसरत गेलं. त्या दिवसापासून रेडिओवर गाणं लागलं की बाकीच्या बाया गाणाऱ्याचं नाव घ्यायच्या आणि ही खालचा बेस शोधत बसायची.

शांताराम तिला गोष्टी सांगायचा. हा बेस फेंडर कंपनीचा, अमेरिकेतला, चौसष्ट सालचा. जहाजावरच्या बँडमधल्या एका वाजवणाऱ्यानं मुंबईत उतरताना पास्कल मास्तरांना दिलेला. मास्तर मूळचे वसईचे. चर्चगेटच्या हॉटेलात नाचणाऱ्या लोकांसाठी वाजवायचे, दिवसा रेकॉर्डिंगला जायचे. पन्नास व्हायोलिनं एका बाजूला आणि मास्तर एका बाजूला स्टुलावर, डोळे मिटून. पडद्यावर कधी त्यांचं नाव आलं नाही. "पन वैनी, मास्तरांनी हात उचलला ना, तर आख्खा गाना खाली बसंल," शांताराम सांगायचा आणि त्याचे डोळे भरायचे. त्या काळचे ते सगळेच वाजवणारे तसले. कलकत्त्याचा कुणी आर्ची होता, तो म्हणे एका तारेवर माणसं रडवायचा. त्यांच्यापैकी एकालाही चंद्रकांतेनं पाहिलं नव्हतं, पण तिच्या मनात ते सगळे खलाशांसारखे होते, बोट चालवणारे आणि कुणाला न दिसणारे.

"आरडाओरडा कसला? पाव्हण्यांसमोर लाज काढाल!" असं म्हणत हिराआत्या आत आली. वामन तांडेलची विधवा बहीण, घरातली हुकूम चालवणारी. आणि या गिटारीची पक्की वैरीण. हळदीला बोईसरचा ऑर्केस्ट्रा नको, ब्रासबँडच पाहिजे म्हणून ती दोन दिवस जेवली नव्हती. चंद्रकांतेला वाटलं, आता ही टाळ्या पिटणार. पण आत्यानं बेस पाहिला, शांतारामचं तोंड पाहिलं आणि कमरेला पदर खोचला.

"हुबा काय राह्यलास खांबासारखा? चंद्रकांते, साबण आन गं! गरम पानी आन!"

"आत्या, पानी नाय!" शांताराम किंचाळला. "विजेचा हाय तो! आत वायरी हायत!"

"मंग पीठ आन. तांदळाचा पीठ तेल वढून घेते."

दोघी बायका जमिनीवर बसल्या. तांदळाचं पीठ भुरभुरायचं, फडक्यानं पुसायचं, पुन्हा भुरभुरायचं. वर्षभर एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलणाऱ्या त्या दोघी, पण फडक्याचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. तेल अंगावरून निघालं, पण तारांच्या पिळात बसलेलं काही निघेना, आणि वास तर हटायचं नावच घेईना. शांतारामनं मशीन लावून पाहिलं. आवाज येत होता, एवढं नशीब. पण दांड्यावर त्याचा हात ठरेना. बोट एका सुरावर ठेवावं तर ते घसरून दुसऱ्यावर जायचं.

"वाम कशी धरता?" चंद्रकांता म्हणाली आणि उठून चुलीतली राख घेऊन आली. वाम म्हणजे सापासारखी लांब, बुळबुळीत मासळी; साफ करायची तर हाताला राख लावूनच धरावी लागते. तिनं शांतारामच्या डाव्या हाताला बोटन् बोट राख चोळली. "आता धरा."

त्यानं धरलं. धरलं गेलं.

"पन मास्तरांना सांगायचा काय?" तो म्हणाला. "वास लांबून येतोय. विचारतील, तर बाबांनी फासला म्हणून सांगू? का फासला म्हणून सांगू?"

"माझ्या नावावर घाल," हिराआत्या लगेच म्हणाली. "म्हातारी बाई, हातून डबा सांडला. मला कोण काय बोलणार हाय?"

चंद्रकांता तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मी आधी बाबांना विचारून येते."

किनाऱ्यावर वामन तांडेल नेहमीसारखा बोटीखाली होता. अंगावर नवा सदरा, पोरीच्या हळदीचा, आणि बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या.

"बाबा, भावजींच्या गिटारीला तेल तुमी लावला?"

"लावला."

तिला राग गिळवेना. एवढा मोठा माणूस, शब्दाचा पक्का म्हणून गावात नाव, आणि पोराशी असा खेळ? ती काही बोलणार, तोवर सासऱ्यानं मान वर केली आणि विचारलं, "का गं? कमी पडला का? डबा अर्धा हाय अजून."

त्या तोंडावर डाव नव्हता, खोट नव्हती. एक काम केलं आणि ते पुरलं की नाही एवढीच चौकशी होती. आता या माणसाला काय सांगायचं, की तुमी पोराचं वाटोळं केलंत? "नाय, पुरला," एवढंच ती म्हणाली आणि परत फिरली.

घरी येऊन तिनं शांतारामला सांगितलं. त्याला ते पटलं नाही. "तुमी सासऱ्याचीच बाजू घेणार," तो म्हणाला. त्याच्याशी भांडायला वेळ नव्हता. सफाळ्याची यष्टी आली होती आणि मास्तर मांडवात शिरत होते.

उंच, वाकलेले, पांढरी पँट आणि डोक्यावर टोपी. हातात ती लांबडी काळी पेटी. बोटं सांध्यांत सुजून वाकडी झालेली. वामन तांडेलनं पुढं होऊन हात जोडले, खुर्ची दिली, स्वतः पाणी आणून दिलं. कुठलाही पाव्हणा आला तरी त्याची रीत तीच. मास्तरांनी नाक दोनदा ओढलं, पण कोळ्यांच्या गावात कसला तरी वास यायचाच म्हणून ते काही बोलले नाहीत.

दिवे लागणीला शालूला पाटावर बसवलं. तिच्या गालाला पहिली हळद लागली आणि ऑर्केस्ट्रा सुरू झाला. ढोलकीवर रामू, कारखान्यात शांतारामच्याच पाळीतला; बाकीचे पण सगळे पाळीवालेच. चंद्रकांता हळदीचं ताट हातात घेऊन उभी होती, पण तिचं सगळं लक्ष खाली.

आणि तिला ते ऐकू आलं. बोईसरच्या खोलीत ऐकलेला आवाज हा नव्हे. तारांची जी झणझण असायची ती पार गेली होती. राहिला होता तो बसका, जाड, पोटात बसणारा सूर, ठोका पडला की लगेच थांबणारा. शांताराम घामाघूम झाला होता. दोन वेळा त्याचा हात घसरला, एकदा रामूनं वळून पाहिलं. पण तो थांबला नाही. बाया नाचायला लागल्या. ज्या हिराआत्यानं ब्रासबँडसाठी उपास काढला, ती डोक्यावर कळशी घेऊन मांडवाच्या मध्यात फिरत होती.

तिसरं गाणं संपलं तसे मास्तर उठले. सगळ्यांदेखत शांतारामजवळ गेले, बेस त्याच्या गळ्यातून काढून घेतला, नाकाजवळ नेला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय आहे? माझ्या बेसला कोणी काय केलं?"

"मी केला, मास्तर," शांताराम म्हणाला.

"तो कशाला करंल? माझ्या हातून डबा सांडला!" कळशी सांभाळत हिराआत्या ओरडली.

"नाय, माझ्या हातून," चंद्रकांताही बोलून गेली.

मास्तरांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मांडवात कोणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात वामन तांडेल मागच्या खांबाजवळून पुढं आला. त्याला तेव्हा कुठं उमगलं होतं, की आपल्या हातून काहीतरी भलतंच झालंय. चंद्रकांतेनं त्याला वादळातून आलेला पाहिला होता, बायकोला पोचवून आलेला पाहिला होता. असा बावरलेला कधी पाहिला नव्हता.

"खोटा बोलतात सगळे," तो म्हणाला. "मी लावला. माझ्या हातानी लावला. मास्तर, त्याची काय चूक नाय. काय बोलायचा तो मला बोला."

"तांडेल, का लावलं?"

"पोरगा झोपला व्हता. मी बोटीवरनं पानी प्यायला आलो. ती भितीला टेकवलेली. बघितला तं अंगभर बारीक बारीक चिरा. रंगाच्या वरनं, दांड्याच्या बुडाशी, सगळीकडं." त्याचे हात हवेतच लाकडावरून फिरत होते. "लाकडाला चीर पडली की मला बघवत नाय, मास्तर. डबा हातात व्हता. चार हात दिले, बोटीला देतो तसे. मला वाटला, तिला बरा वाटंल. नासली का ती?"

शेवटचं त्यानं इतकं हळू विचारलं, की मागच्या लोकांना ऐकू गेलं नसेल. शांतारामला गेलं. तो खाली मान घालून उभा होता आणि राखेनं भरलेल्या हातानं डोळे पुसत होता.

मास्तरांनी बेस गळ्यात अडकवला. त्या वाकड्या बोटांनी हे आता काय वाजवणार, असं सगळ्यांच्या मनात आलं असेल. त्यांनी डोळे मिटले आणि एक सूर दिला. थांबले. दुसरा दिला. बस्स, चार सूर, तेच ते, मागं-पुढं. रामूला राहवेना, त्यानं ढोलकी अलगद धरली. आणि मग मास्तर चालायला लागले. कुठं घाई नाही, कुठं दाखवणं नाही. जिथं सूर पाहिजे तिथं तो आधीच येऊन बसलेला, आणि जिथं नको तिथं नुसता श्वास. वयानं, दुखण्यानं त्या हातातलं काही म्हणजे काही नेलं नव्हतं. चंद्रकांतेनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि मांडवाच्या खांबाला तळवा लावला. अगं आई, काय माणूस होता तो! एवढं वाजवून हा माणूस चाळीस वर्षं मागं स्टुलावर बसला, कुणाला तोंड न दाखवता. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

मास्तर थांबले आणि त्यांनी डोळे उघडले.

"नासली नाही, तांडेल," ते म्हणाले. "नव्या तारा घंटीसारख्या वाजतात. आमच्यातले मोठे वाजवणारे वर्षानुवर्षं तारा बदलायचे नाहीत, हाताचा मळ बसू द्यायचे, का तर असा आवाज यावा म्हणून. मला याला वीस वर्षं लागली असती." त्यांनी बोटं हुंगली. "पण हा वास घेऊन स्टुडिओत गेलो, तर मला बाहेर काढतील."

लोकं हसली. मास्तर हसले नाहीत.

"शांताराम, तू दोनदा चुकलास. दुसऱ्या गाण्यात मधे घाई केलीस."

"व्हय, मास्तर."

"वांद्र्याचा पोरगा चुकत नाही. तुझ्यापेक्षा पुष्कळ चांगला वाजवतो."

मास्तरांनी पेटीकडे पाहिलं, मग वामन तांडेलकडे.

"तांडेल, हे तेल किती दिवसांनी लावायचं असतं?"

"दर सालाला. बोटी वर आल्या की."

"वांद्र्यात कोण लावणार? तीस वर्षं माझ्याजवळ होता, मी कधी त्याच्या चिरा पाहिल्या नाहीत. नुसतं वाजवून घेतलं." त्यांनी पट्टा गळ्यातून काढला, बेस शांतारामच्या हातात दिला आणि पायानं पेटी त्याच्याकडे सरकवली. "ही पण ठेव. पावसात उघडा नेऊ नकोस. आणि दुसरं गाणं बसव नीट."

मांडवात जो गलका झाला तो पार किनाऱ्यापर्यंत गेला असेल. शालू हळदीच्या अंगानं पाटावरून उठून भावाच्या गळ्यात पडली आणि हिराआत्यानं तिला "बस खाली, पाट सोडू नको!" म्हणून दटावलं. शांताराम बापाजवळ आला. वाकून बापाच्या पायाला हात लावला, तर बापाच्या धोतरावर राखेची पाच बोटं उठली.

महादू कमरेवर हात ठेवून खांबाशी उभा होता. सगळी पांगल्यावर तो बापाकडे सरकला. चंद्रकांता जवळच ताट उचलत होती, म्हणून तिला ऐकू आलं.

"बाबा, मंग नारळीपुनवेला आपल्या बोटीवर कोण?"

"बघू. मिळंल कोन तरी," वामन तांडेल म्हणाला. महादूकडे त्याची पाठ होती आणि तो तसाच उभा राहिला. "त्याची बोट त्याला मिळाली."

मग त्यानं सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या, गुंड्या लावल्या आणि मास्तरांना जेवायला बसवायला गेला.